परिचारिकेची पदवी : कर्ज आणि कमाई



या व्यासपीठावरून बोलण्याचा माझा अधिकार फार थोडा आहे. मी शाळेत सहावीपर्यंत शिकलो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्या वेळी माझे वडील साच्यावर होते. संप लांबला, घरातली भांडी गेली, नंतर सावकार आला आणि माझी शाळा सुटली. पुढे एका रुग्णालयाच्या मुदपाकखान्यात कामाला लागलो, रात्रशाळेत मॅट्रिकपर्यंत रखडलो, आणि जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर. गेली तीस वर्षे रुग्णालयातील कामगारांच्या संघटनेचे काम करतो. तेव्हा अर्थशास्त्र मला पुस्तकातून नव्हे, पगाराच्या पावतीतून आणि कर्जाच्या चिठ्ठीतून कळले. आज मी बोलणार आहे तेही एका चिठ्ठीवरच.

विषय ऐकून आपणापैकी काहींना नवल वाटले असेल. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात परिचारिकेची पदवी घ्यावी की नाही, त्यासाठी कर्ज काढावे की नाही, याचा आपल्या गावाशी काय संबंध? संबंध असा आहे. आमच्या संघटनेचे एक जुने सभासद, रुग्णालयात ज्यांना आपण 'मामा' म्हणतो त्यांपैकी एक, गेल्या साली माझ्याकडे आले. त्यांची मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीत गेली. जावई एका गोदामात काम करतो. दोघांना तिथे कायम राहण्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळाले आहे. मुलगी एका दुकानात गल्ल्यावर उभी असते. तिच्या मनात परिचारिका व्हायचे आहे. लहानपणापासून बापाचा डबा घेऊन वॉर्डात येत असे, तेव्हापासूनची ती हौस. तिने दोन संस्थांची पत्रके बापाला पाठवली होती. एक त्या काउंटीच्या सरकारी कॉलेजचे आणि दुसरे एका खासगी संस्थेचे. मामांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि विचारले, "अण्णा, माझी पुंजी पडून आहे. खोलीही माझ्या नावावर आहे. पोरीसाठी टाकू का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. याचे कारण सांगितले पाहिजे, कारण आजच्या भाषणाचे मूळ तिथेच आहे.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी आमच्याच एका मावशींनी मला हाच प्रश्न विचारला होता. मुलीला परिचर्येचा अभ्यासक्रम करायचा होता, खासगी शाळा होती, बँकेचे कर्ज काढावे लागणार होते. मी पाटीवर दोन आकडे मांडले. एका बाजूला कर्जाचा हप्ता, दुसऱ्या बाजूला सरकारी रुग्णालयातील सिस्टरचा पगार. म्हटले, "मावशी, डोळे मिटून सही करा." त्यांनी खरोखरच डोळे मिटून सही केली. पुढे कळले, की मुलगी ज्या वर्षी दाखल झाली त्या वर्षापुरती शाळेची मान्यताच अडकलेली होती. मुलगी शिकली, राबली, पण तिची नोंदणी होईना. नोंदणी नाही म्हणून नोकरी नाही. कर्ज मात्र नोंदलेले होते, त्याला कोणाच्या मान्यतेची गरज नव्हती. मावशींची ग्रॅच्युइटी त्यात गेली. त्या मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

माझी चूक बेरजेत नव्हती. दोन्ही आकडे खरे होते. चूक अशी, की एका पारड्यात मी निश्चित वस्तू ठेवली आणि दुसऱ्यात अनिश्चित, आणि दोन्हींचे वजन सारखे धरले. कर्ज सही होताच खरे होते. पगार खरा होण्यास मधे चार दारे उघडावी लागतात. दाखल होणे, अभ्यासक्रम पुरा करणे, परवाना मिळणे आणि नोकरी लागणे. मी चार दारांपलीकडचा पगार हातात आल्यासारखा धरला होता. म्हणून मामांची पत्रके मी घरी नेली आणि तीन महिने या विषयाचा जमेल तेवढा अभ्यास केला. तिकडे आकडे उघड्यावर असतात. सरकार ते प्रसिद्ध करते आणि इंग्रजी वाचणाऱ्या कोणासही ते पाहता येतात, ही त्या देशाची घेण्यासारखी गोष्ट आहे.

प्रथम ही कॉलेजे काय आहेत ते पाहू. अमेरिकेत दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजांची परंपरा शतकाहून जुनी आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील कॉलेज १९०१ सालचे. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाने गावोगावी अशी कॉलेजे असावीत असे म्हटले आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. ज्यांच्याजवळ पैसा नाही, ज्यांना नोकरी सोडता येत नाही, ज्यांचे शिक्षण मध्येच तुटले आहे, अशांसाठी ही कॉलेजे. म्हणजे आपली रात्रशाळा मोठी होऊन कॉलेज झाली असती तर जी दिसली असती, तशी.

त्या कॉलेजात परिचर्या आली ती मिल्ड्रेड मॉन्टॅग या बाईंमुळे. त्यापूर्वी बहुतेक परिचारिका रुग्णालयाच्या शाळेत तीन वर्षे शिकत, आणि शिकत म्हणण्यापेक्षा राबत. विद्यार्थिनी म्हणजे रुग्णालयाला मिळालेली स्वस्त मजूर. मॉन्टॅगबाईंनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये प्रबंध लिहून मांडले, की हे शिक्षण रुग्णालयाच्या सोयीने न होता शिक्षणसंस्थेत झाले, तर ते दोन वर्षांत होऊ शकेल. १९५२ साली निवडक कॉलेजांत हा प्रयोग सुरू झाला आणि तो यशस्वी झाला. आज तिथे दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतलेली मुलगी आणि चार वर्षांची बॅचलर पदवी घेतलेली मुलगी, दोघी परवान्यासाठी एकाच परीक्षेला बसतात. पास झाल्यावर दोघींनाही 'रजिस्टर्ड नर्स' हाच परवाना मिळतो.

आता पैशाकडे वळतो. येथे एक विनंती आहे. मी डॉलरचे आकडे सांगेन, त्यांचे मनातल्या मनात रुपये करू नका. तिथली कमाई डॉलरात, तशी भाकरीही डॉलरात आहे.

कमाईचे पारडे प्रथम भरू. अमेरिकेच्या श्रमखात्याचे मे २०२४ चे आकडे असे. सर्व रजिस्टर्ड परिचारिकांना पगाराच्या क्रमाने एका रांगेत उभे केले, तर बरोबर मधोमध उभ्या असलेल्या बाईचे वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर. सर्व धंद्यांतील कामगारांची अशीच रांग केली तर मधल्याचे वेतन ४९,५००. म्हणजे परिचारिकेचे जवळजवळ दुप्पट. पत्रकात हा ९३,६०० चा आकडा ठळक छापलेला असतो. मी मात्र मामांना म्हटले, तो सोडा. रांगेच्या मध्यावर वीस वर्षे काम केलेल्या बायाही आहेत. आपली मुलगी पहिल्या दिवशी रांगेच्या शेवटाकडे उभी राहणार. रांगेतील शेवटच्या दहांश बायांना ६६,०३० डॉलरहून कमी मिळतात. आपण हाच आकडा धरू. कर्ज फेडावयाचे ते पहिल्या वर्षांच्या पगारातून, विसाव्या वर्षाच्या नव्हे.

आज तिला काय मिळते? न्यू जर्सीत २०२५ च्या आरंभी बहुतेक कामगारांसाठी किमान वेतन तासाला १५ डॉलर ४९ सेंट झाले. पूर्ण वर्षाचे २,०८० तास धरले तर सुमारे ३२,२०० डॉलर. म्हणजे रांगेच्या शेवटाकडची परिचारिकासुद्धा दुकानातील मुलीच्या दुप्पट मिळवते. फरक वर्षाला सुमारे ३४ हजार. कर वगैरे जाऊन हाती पंचवीस हजारांच्या आसपास पडतील असे धरू.

आता दुसरे पारडे. २०२४-२५ साली सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजची स्थानिक विद्यार्थ्यासाठी सरासरी फी वर्षाला ४,०५० डॉलर होती. सरकारी चार वर्षांच्या कॉलेजात राज्यातील विद्यार्थ्यास ११,६१०, आणि खासगी, नफा न करणाऱ्या कॉलेजात ४३,३५०. अभ्यासक्रम नावाला दोन वर्षांचा, पण आधी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजंतुशास्त्र असे विषय पुरे करावे लागतात. तेव्हा तीन वर्षे धरा. तीन वर्षांची फी बारा हजारांच्या थोडी वर. पुस्तके, गणवेश, परीक्षेची २०० डॉलर फी हे निराळे.

गरीब कुटुंबास त्यातही आधार आहे. पेल अनुदान म्हणून केंद्र सरकारची मदत असते, ती परत करावी लागत नाही. २०२४-२५ साली तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती, म्हणजे वर्षाच्या सरासरी फीहून जास्त. न्यू जर्सी राज्याने २०१९ पासून ठराविक उत्पन्नाखालील विद्यार्थ्यांची काउंटी कॉलेजातील फी भरण्याची योजना सुरू केली. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना केंद्राच्या मदतीसाठी अर्ज करता येतो. नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर गेलेल्या आपल्या पुष्कळ मुलींना तो येत नाही. ही गोष्ट आपल्याकडे लग्न ठरवताना कोणी विचारीत नाही, पण विचारावी.

मग कर्ज कशाला, असे आपण विचाराल. कर्ज भाकरीला. आठवड्यातून कित्येक दिवस वर्ग आणि वॉर्डातील काम असले म्हणजे दुकानात पूर्ण वेळ उभे राहता येत नाही. समजा, तीन वर्षे अर्धाच वेळ काम केले. म्हणजे वर्षाला सोळा हजार, तीन वर्षांत अठ्ठेचाळीस हजारांची कमाई बुडाली. फी बारा हजार आणि बुडालेली मजुरी अठ्ठेचाळीस हजार! शिक्षणाची खरी किंमत फीच्या पावतीवर लिहिलेली नसते. श्रीमंताच्या मुलास ही किंमत दिसतच नाही, कारण त्याच्या कमाईवाचून कोणाची चूल अडत नाही. कामगाराच्या घरी ती पहिल्या महिन्यात दिसते.

म्हणून समजा, तिने केंद्र सरकारचे वीस हजार कर्ज काढले. विवाहित विद्यार्थिनीस पहिल्या दोन वर्षांत साडेनऊ आणि साडेदहा हजार मिळून एवढीच कमाल मर्यादा आहे. २०२४-२५ साली व्याजाचा दर ६.५३ टक्के होता. दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याला सुमारे २२७ डॉलर, एकंदर सत्तावीस हजार तीनशेच्या आसपास. व्याज म्हणून सात हजार तीनशे गेले. आता बेरीज करा. बुडालेली मजुरी, फी आणि व्याज मिळून अडुसष्ट हजारांच्या आत-बाहेर. हाती पडणारा वाढीव पगार वर्षाला पंचवीस हजार. तीन वर्षांच्या आत सर्व भरून निघते, आणि पुढची पंचवीस वर्षे तिची. यात कोणतीही जादू नाही. कोणताही वाणी असा व्यवहार करील.

येथवर हिशेब सरळ आहे आणि येथेच बहुतेक लोक थांबतात. मावशींच्या वेळी मीही येथेच थांबलो होतो. पण ही सगळी कहाणी चारही दारे उघडलेल्या मुलीची आहे.

अमेरिकेच्या सार्वजनिक दोन वर्षांच्या कॉलेजात पूर्ण वेळ दाखल झालेल्या नव्या विद्यार्थ्यांपैकी तीन वर्षांच्या आत तेथून पदवी वा प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणारे जेमतेम एक-तृतीयांश असतात. काही दुसऱ्या कॉलेजात जातात हे खरे, परंतु पुष्कळांचे शिक्षण मध्येच सुटते. मूल आजारी पडते, गाडी बिघडते, दुकानाचा मालक पाळी बदलतो. परिचर्येत तर आणखी एक चाळणी आहे. आधीच्या विषयांत चांगले गुण मिळाले तरच मुख्य अभ्यासक्रमात जागा, आणि जागा थोड्या. शिकवणाऱ्या बाईला वॉर्डातील बाईपेक्षा कमी पगार मिळत असेल, तर शिकवायला कोण येणार?

आता अर्ध्यावर थांबलेल्या मुलीचा हिशेब करा. दीड वर्ष गेले, दहा हजार कर्ज झाले. हप्ता महिन्याला ११४ डॉलर, पण पगार दुकानाचाच. शिवाय चोवीस हजारांची मजुरी गेली ती गेलीच. तिकडील अभ्यासकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे, ती ऐकून मला प्रथम नवल वाटले. कर्ज बुडवण्याचे प्रमाण मोठे कर्ज असणाऱ्यांत सर्वांत जास्त नसते. ते छोट्या कर्जदारांत, पाच-सात हजारवाल्यांत, जास्त असते. का? कारण छोटे कर्ज हे पुष्कळदा तुटलेल्या शिक्षणाचे कर्ज असते. मग मला माझे वडील आठवले. सावकाराची रक्कम मोठी नव्हती. रक्कम फेडायला कमाई नव्हती. कर्जाचे ओझे रकमेवर ठरत नाही, ते ज्या खांद्यावर पडते त्यावर ठरते. आणि तिथल्या कायद्याप्रमाणे इतर कर्जे दिवाळखोरीत सुटतात, विद्यार्थ्याचे कर्ज सुटणे अत्यंत कठीण. ते माणसाच्या मागे म्हातारपणापर्यंत चालत येते.

आता मामांच्या दुसऱ्या पत्रकाकडे येऊ. खासगी संस्था. चकचकीत कागद, हसऱ्या परिचारिका, आणि 'थांबावे लागणार नाही' असे आश्वासन. एकंदर खर्च सत्तर हजार डॉलर. संस्थेचा माणूस तीन वेळा फोन करून गेला होता. त्याचा युक्तिवाद असा : काउंटी कॉलेजात जागेसाठी वर्षभर थांबाल, आमच्याकडे लगेच बसाल, म्हणजे परिचारिकेचा पगार एक वर्ष आधी सुरू.

हा युक्तिवाद अगदी खोटा नाही. वेळेला किंमत आहे. म्हणून मी तोही तोलून पाहिला. एक वर्ष आधी पगार सुरू झाला तर पंचवीस हजारांचा फायदा. त्यासाठी जास्तीची फी किती? सत्तर हजारांतून बारा हजार वजा केले तर अठ्ठावन्न हजार. सत्तर हजारांचे कर्ज सरकारी दरानेच धरले तरी दहा वर्षे महिन्याला सुमारे आठशे डॉलर. परंतु सरकार एवढे देतच नाही. उरलेले खासगी सावकाराकडून घ्यावे लागते आणि तो सहीसाठी जामीन मागतो. जामीन कोण, तर मामा. आणि मिळणार काय? तीच परीक्षा, तोच परवाना. दोन-तीन वर्षे थांबावे लागणार असते आणि संस्थेचा निकाल उत्तम असता, तर मी निराळा विचार केला असता. एका वर्षासाठी अठ्ठावन्न हजार हा सौदा नव्हे. २०१५ साली कोरिंथियन आणि २०१६ साली आय.टी.टी. या नफ्यासाठी चालणाऱ्या मोठ्या कॉलेजसाखळ्या तिकडे एकाएकी बंद पडल्या आणि हजारो विद्यार्थी कर्जासह रस्त्यावर आले, हेही मी मामांना सांगितले.

याचा अर्थ सरकारी ते सर्व चांगले आणि खासगी ते सर्व वाईट, असा नव्हे. संघटनेत तीस वर्षे काढून मी एवढे शिकलो, की मालकाच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या वहीकडे पाहावे. अमेरिकेच्या शिक्षणखात्याने 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाची वही सर्वांसाठी उघडली. प्रत्येक कॉलेजातील किती विद्यार्थी पुरे करतात, किती कर्ज होते, पुढे किती मिळवतात, हे त्यात पाहता येते. पण त्या वहीचीही एक गोम ध्यानात ठेवावी. कर्जाचा आकडा पदवी मिळालेल्या कर्जदारांचा असतो. ज्यांनी कर्ज काढलेच नाही ते त्यात नाहीत, आणि जे मध्येच गळाले तेही त्यात नाहीत. म्हणजे पोहून पैलतीरी आलेल्यांनाच पाण्याची खोली विचारलेली आहे. जे मध्येच राहिले त्यांची गणती दुसऱ्या रकान्यात शोधावी लागते.

यावरून मी मुलीला फोनवर चार प्रश्न दिले आणि सांगितले, दोन्ही संस्थांकडून उत्तरे आण, तोंडी नको, कागदावर आण. पहिला, राज्याच्या परिचर्या मंडळाची मान्यता आज आहे काय, आणि परवान्याच्या परीक्षेत पहिल्या खेपेस तुमचे किती पास झाले? २०२४ साली अमेरिकेत शिकून पहिल्यांदा बसलेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के पास झाले. तेव्हा सत्तर टक्क्यांची संस्था असली तर समजावे, खोट मुलीत नाही, शाळेत आहे. दुसरा, दाखल शंभर झाल्या तर वेळेवर पुऱ्या किती झाल्या? पासाच्या टक्केवारीत गळालेल्या मुली दिसत नाहीत, म्हणून हा प्रश्न निराळा विचारावा. तिसरा, गेल्या दोन वर्षांत पास झालेल्या कुठे नोकरीला आहेत, आणि जवळची रुग्णालये दोन वर्षांची पदवी चालवून घेतात काय? चौथा, पुढे बॅचलर पदवी करायची झाली तर तुमचे शिक्षण मोजले जाईल काय?

तिसरा आणि चौथा प्रश्न का, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकन परिचारिकांच्या संस्थेने १९६५ सालीच म्हटले होते, की व्यावसायिक परिचारिकेस किमान बॅचलर पदवी हवी. २०१७ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा केला, की नव्या परिचारिकेने परवान्यानंतर दहा वर्षांत बॅचलर पदवी पुरी करावी. परवाना एकच असला तरी मोठी रुग्णालये बॅचलरवालीस आधी घेतात, असे पुष्कळ ठिकाणी आहे. तेव्हा दोन वर्षांची पदवी ही पहिली पायरी समजावी आणि दुसऱ्या पायरीचा खर्चही मनात धरावा. पण दुसरी पायरी चढताना ती परिचारिकेचा पगार घेत असेल, हा मोठा फरक आहे. कित्येक रुग्णालये त्या फीचा काही भाग भरतातही. मात्र भरताना ती कोणता कागद पुढे करतात, तो वाचावा.

कारण येथे आमचा जुना शत्रू भेटतो, बॉण्ड! आपल्याकडे मी अशी रुग्णालये पाहिली आहेत, की जी नव्या सिस्टरची मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेत आणि दोन वर्षांच्या आत गेलीस तर लाख रुपये भर, असे लिहून घेत. मला वाटे, हे आपल्याकडचेच. तर अमेरिकेतही नव्या परिचारिकेस कामाचे शिक्षण दिल्याच्या नावाखाली, मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास हजारो डॉलर भरण्याचे करार आहेत. कॅलिफोर्निया राज्याने २०२० साली कायदा करून रुग्णालयांना असा खर्च परिचारिकेकडून वसूल करण्यास मनाई केली. कॉलेजचे कर्ज संपते न संपते तोच मालकाचे कर्ज! सही करण्यापूर्वी हाही कागद हिशेबात धरला पाहिजे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो माझ्या धंद्याचा आहे. हिशेब करताना आपण पगार हा पावसासारखा आभाळातून पडतो असे धरतो. तसे नाही. मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील परिचारिकेचे सरासरी वेतन सुमारे १ लाख ३७ हजार डॉलर होते आणि साउथ डकोटात सुमारे ६९ हजार. परवान्याची परीक्षा दोन्हीकडे एकच. कॅलिफोर्नियात घरभाडे भयंकर आहे हे खरे, पण तेवढ्याने फरक संपत नाही. तिथे परिचारिकांची संघटना बलवान आहे. तिच्या लढ्यातून १९९९ साली तिथे कायदा झाला, की एका परिचारिकेवर किती रुग्ण असावेत याची मर्यादा असेल. २००४ पासून ती अमलात आली. न्यू जर्सीतही २०२३ च्या ऑगस्टात न्यू ब्रन्सविक येथील एका मोठ्या रुग्णालयातील सुमारे १,७०० परिचारिका संपावर गेल्या आणि डिसेंबरपर्यंत टिकल्या. मुख्य मागणी पगाराची नव्हती, वॉर्डात पुरेशा बाया असाव्यात ही होती. हे मला फार महत्त्वाचे वाटते. पगार चांगला, पण एकीवर आठ-दहा रुग्ण, तर बाई पाच वर्षांत थकून काम सोडते, आणि पंचवीस वर्षांचा हिशेब पाच वर्षांत आटोपतो.

आपल्याकडे याच पारड्याची काय अवस्था आहे, हे एका वाक्यात सांगण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयातील परिचारिकेस, पन्नासहून कमी खाटा असल्या तरी, महिना वीस हजारांहून कमी देऊ नये, आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतके द्यावे, असे सुचवले. सुचवले, एवढेच. अंमल राज्यांवर राहिला, आणि आमच्या सभासद मुली आजही त्याहून कमी पगाराच्या पावत्या मला आणून दाखवतात. तेव्हा इथली कोणी मुलगी कर्ज काढून परिचर्या शिकणार असेल, तर हप्ता त्या पावतीवर तोलावा, सरकारी पगारपत्रकावर नव्हे.

मामांना मी काय सांगितले? म्हटले, पुंजीला हात लावू नका आणि खोलीवर कागद करू नका. बापाचे म्हातारपण जामीन ठेवून मुलीचे तारुण्य उभे राहत नाही. दोन्ही एकदम कोसळतात. मुलीने आधी अनुदान घ्यावे, मग राज्याची योजना, मग लागलेच तर सरकारी कर्ज आणि तेही वर्षापुरते लागेल तेवढेच. आधी एक विषय घेऊन पाहावा. तो निभला तर पुढचे पाऊल टाकावे. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे अण्णा, मी काहीच द्यायचं नाही?" मी म्हटले, "तिची मूल सांभाळायची अडचण आहे ना? तर सहा महिने जाऊन राहा. एक बाप घरात असला तर पोरीचा अभ्यास तुटणार नाही. तुमच्या पुंजीपेक्षा ते मोलाचं." तिकिटापुरते पैसे त्यांनी काढले.

मुलीने दोन्ही संस्थांना प्रश्न पाठवले. एका ठिकाणाहून चार उत्तरे कागदावर आली. दुसरीकडून आणखी एक फोन आला. ती काउंटी कॉलेजात जाते. शरीररचनेचा विषय सुटला, मुख्य अभ्यासक्रमात जागा मिळायची आहे. अजून तीन दारे बंद आहेत, हे तिला ठाऊक आहे, बापाला ठाऊक आहे, आणि मलाही.

मावशी आता हयात नाहीत. त्यांची मुलगी एका लहान दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते. नोंदणी नसलेल्या हातांनी ती इंजेक्शनाची तयारी करते आणि नोंदणी असलेली दुसरी कोणी ते देते. ती भेटली की मला 'अण्णा' म्हणूनच हाक मारते. मी त्या दिवशी चार प्रश्न विचारले असते, तर आज तिला लोक 'सिस्टर' म्हणाले असते. आपणापैकी कोणाच्या घरी असा कागद सहीसाठी येईल, तेव्हा ते प्रश्न आपण विचारावेत, एवढ्यासाठीच मी आज येथे उभा राहिलो.